राक्षस परवडतो, घरभाडं नाही

ती मुखपृष्ठावर बहुधा पाठमोरी उभी असते. अंगात चामड्याचं जाकीट, चामड्याचीच तंग विजार, कमरेवर गोंदलेली नक्षी, हातात तलवार, मागे शहराचे दिवे आणि गरजेपेक्षा दुप्पट मोठा चंद्र. पाठ आणि चेहरा दोन्ही एकाच वेळी दिसावेत इतकी मान वळलेली. जिम हाइन्स या अमेरिकन लेखकाने २०१२ साली अशा मुखपृष्ठांवरच्या पोझेस स्वतः घेऊन फोटो काढले, तेव्हा मणका असलेल्या प्राण्याला हे उभं राहणं जमण्यासारखं नाही, याची सर्वांना खात्री पटली. पण तिला जमतं, कारण ती अर्बन फँटसीची नायिका आहे. दिवसा चारचौघींसारखी, रात्री व्हँपायर आणि राक्षसांची कर्दनकाळ. १९९३ साली कादंबरीत अनिता ब्लेक आली, १९९७ साली टीव्हीवर बफी आली आणि पुढे सिनसिनाटीला रेचल मॉर्गन, अटलांटाला केट डॅनियल्स, सॅन फ्रान्सिस्कोला ऑक्टोबर डे अशी प्रत्येक अमेरिकन शहराला ग्रामदेवतेसारखी एकेक मिळत गेली. वैताग आणणारी बाई आहे. झोपत नाही, धड जेवत नाही, कुणाचं ऐकत नाही, आणि राक्षसाचा पंजा गळ्याशी आलेला असताना नेमका तिला विनोद सुचतो.

मात्र जाकिटावर जाऊ नका. जाकीट कुणीही घालतं. या बाईची खरी खूण म्हणजे तिचं भाडं थकलेलं असतं. भाडं नसेल तर गाडीचं बिल, तेही नसेल तर विजेचं. काहीतरी थकलेलं असणारच. पुराव्यादाखल अनिता ब्लेक घ्या. मेलेल्यांना थडग्यातून उठवण्याची विद्या अंगी असलेली ही बाई सेंट लुईसमध्ये चक्क नोकरी करते, आणि मृतांना उठवते ते बहुतेकदा मृत्युपत्राचे वाद मिटवण्यासाठी. मर्सी थॉम्पसन स्वतःला कायोटी या रानटी जनावरात बदलू शकते. पण महिन्याची तोंडमिळवणी होते ती फोक्सवॅगन दुरुस्त करून. रेचल मॉर्गन पक्की नोकरी सोडून स्वतंत्र धंद्यात पडते आणि जुन्या चर्चमध्ये एका व्हँपायर बाईबरोबर संसार थाटते, बागेत पिक्सी जातीच्या एका चिमुकल्या गृहस्थाचं लेकुरवाळं कुटुंब. लेखिकांनी यांना जादू देताना हात सैल सोडला आहे. पैसे देताना मात्र सगळ्याजणी सावकाराच्या घरच्या.

यावर कुणी म्हणेल, यात बाईचं असं काय विशेष? रेमंड चँडलरचा फिलिप मार्लोसुद्धा कडकाच होता, आणि शिकागोचा जादूगार हॅरी ड्रेसडेन २००० सालच्या पहिल्याच कादंबरीत भाड्याच्या काळजीत आहे. आक्षेप रास्त आहे. ही बाई त्याच खानदानातली. पण मार्लोची गरिबी हा त्याचा दागिना आहे. एकटा जीव सदाशिव, आलेली रक्कम बाणेदारपणे परत करतो आणि खोलीवर येऊन बुद्धिबळ मांडतो. त्याने भाडं थकवलं तर तोच रस्त्यावर येईल. हिचं भाडं थकलं तर धाकटी बहीण, रूममेट आणि बागेतले पिक्सी असे सगळेच उघड्यावर येतात. बाणेदारपणा हिला परवडत नाही. दुसरा आक्षेप आपल्याकडचा. आमची महिषासुरमर्दिनी काय वाईट होती, हे नवं खूळ कशाला? वाईट नव्हती, पण देवीला शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र दिलं, इंद्राने वज्र दिलं आणि हिमालयाने वाहनासाठी सिंह दिला. सगळा देवलोक साहित्य घेऊन दारात उभा. हिला तलवार पदरमोड करून घ्यावी लागते, आणि वाहन असतं मेकॅनिककडे.

माझं म्हणणं एवढंच की या कथांमध्ये राक्षस हा सोपा भाग आहे. त्याला मारता येतं. बिलाला येत नाही. बफीच्या मालिकेतला २००१ सालचा ‘फ्लडेड’ हा भाग बघा. आई गेली आहे, तिच्या विम्याचे पैसे हॉस्पिटलने खाल्ले आहेत, पदरात शाळकरी बहीण आहे आणि तळघरातला नळाचा पाइप फुटतो. प्लंबर सांगतो, सगळे पाइप बदला. अनेकदा जग वाचवलेली ही मुलगी कागदपत्रं घेऊन बँकेत कर्ज मागायला जाते. अधिकारी सभ्यपणे विचारतो, उत्पन्न काय? उत्पन्न नाही. मग घर तारण ठेवू म्हटलं, तर या गावातल्या घरांना का कोण जाणे कधी भावच आला नाही म्हणतो! भाव का नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तेवढ्यात बँकेत खराखुरा राक्षस घुसतो. ती त्याच्याशी झुंजते, अधिकाऱ्याचा जीव वाचवते, आणि कर्ज? नामंजूर. बँकेत जाण्याआधीच घरी मित्रमंडळींत अन्याने सुचवलेलं असतं की राक्षस मारायचे पैसे का लावत नाहीस? अन्या स्वतः पूर्वाश्रमीची सूडपिशाच्च. जमलेल्या सगळ्यांत व्यवहार तिलाच कळतो, आणि बाकीचे तिला गप्प करतात. चांगल्या कामाचे पैसे कसे मागायचे! काही भागांनंतर बफी बर्गरच्या दुकानात कोंबडी-गायीची टोपी डोक्यावर घालून उभी आहे.

इथे मात्र या बाईवर फार वेळ रागावता येत नाही. ऑक्टोबर डे शापाने मासा होऊन चौदा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानी बागेतल्या तळ्यात पोहत राहते. माणसात येते तेव्हा नवरा होऊ घातलेला पुरुष आणि पोटची मुलगी, दोघंही तिच्याशी बोलायला तयार नाहीत. सोडून गेली, एवढंच त्यांना माहीत. खरं सांगायची सोय नाही. ती सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला कॅशियर म्हणून लागते आणि संकट आलं की तरीही धावते. हा स्वप्नरंजनाचा माल आहे असं म्हणणाऱ्यांनी हे स्वप्न एकदा नीट वाचावं. दमलेली, न सांगता कामं उरकणारी, घरच्यांच्या लेखी बेजबाबदार ठरलेली बाई कोणत्या स्वप्नात येते?

आणि या कडकीचा दोष निव्वळ जगाचाच, असंही नाही. बफीसारख्या मुलींवर देखरेख इंग्लंडमधल्या वॉचर्स कौन्सिलची. राक्षसांची माहिती जमवणाऱ्या माणसांना ही संस्था पगार देते, राक्षस मारणाऱ्या मुलीला नाही. बँकेच्या प्रसंगाआधी काही महिने ‘चेकपॉइंट’ या भागात कौन्सिलची माणसं तिची परीक्षा घ्यायला येतात. माझ्याशिवाय तुमचं दुकान चालणार नाही, हे तिच्या लक्षात येतं आणि ती अटी घालते: माझ्या मार्गदर्शकाला, गाइल्सला, पुन्हा कामावर घ्या आणि काढलं त्या महिन्यापासूनचा पगार द्या. कौन्सिल निमूट मान्य करते. स्वतःच्या पगाराबद्दल ती त्या अख्ख्या बैठकीत अवाक्षर काढत नाही.