मी बघत नाही, चालू असतं

टीआरपी मोजण्यासाठी ज्या घरांत मीटर बसवलेला असतो, तिथं टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकानं आपापल्या वाट्याचं बटण दाबायचं असतं. या पद्धतीतून एक जमात कायमची निसटते. सकाळचा पेपर रात्री साडेआठला उघडून सोफ्याच्या टोकाला बसलेले काका. ते बटण दाबणार नाहीत, कारण ते मालिका बघतच नाहीत. ‘घरात चालू असते, कानावर पडते,’ एवढंच त्यांचं म्हणणं.

हे काका निवृत्त असतात. बँकेतून, एलआयसीतून किंवा पाटबंधारे खात्यातून. थोडक्यात, दुसऱ्याच्या कागदातली चूक शोधण्याचा जिथं पगार मिळतो अशा ठिकाणाहून. डोंबिवलीत ते सोसायटीगणिक दोन सापडतात, पुण्यात जिन्यागणिक एक. ओळखायची खूण सोपी आहे. मालिका चालू असताना त्यांच्या पेपराचं पान हलत नाही. जाहिराती लागल्या की फडाफड उलटतं.

‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ त्यांना पसंत पडली होती. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी चांगलं काम करायचे म्हणून नव्हे, तर मालिका जानेवारी २०१२ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली म्हणून. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचे दिवस मात्र त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोजले, आणि महिने नवाच्या पुढं जाऊ लागले तसा त्यांचा आवाज चढत गेला. तेव्हा अख्खा महाराष्ट्र व्हॉट्सअॅपवर जान्हवीच्या बाळंतपणाचे विनोद पाठवत होता. काका विनोद करत नव्हते, हिशेब मागत होते.

पण त्यांचा खरा बहर ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९ या काळातला. झी मराठीवर ‘तुला पाहते रे’ लागली. चाळिशी ओलांडलेला उद्योगपती विक्रांत सरंजामे, म्हणजे सुबोध भावे. आणि साध्या घरातली, विशीतली ईशा निमकर, म्हणजे गायत्री दातार. त्या दोघांचं जमायच्या आधीच घराघरांत फाटलं.

काकांनी पहिल्याच आठवड्यात वजाबाकी केली. ‘वीस वर्षं! अहो, देवलांनी १८९९ साली “शारदा” आणून हा विषय निकालात काढलाय.’ आता ‘शारदा’तला भुजंगनाथ म्हणजे स्मशानात गोवऱ्या पोचलेला म्हातारा, शारदा अजाण पोर आणि तिच्या बापाची नजर पैशांवर. इथं ईशा सज्ञान, स्वतःच्या मनानं प्रेमात पडलेली. पण काकांच्या तक्त्यात असल्या फरकांना रकाना नव्हता. शिवाय त्यांचं एक खासगी दुःख होतं. २०११ मध्ये बालगंधर्व आणि २०१५ मध्ये लोकमान्य म्हणून ज्या नटाला त्यांनी थिएटरात मनातल्या मनात हात जोडले होते, तोच आता डोळे मिचकावत डबा खाणार, हे त्यांना सोसेना.

काकूंचा पक्ष निराळा. ‘वयाचं काय घेऊन बसलात? तो तिचं बोलणं पुरं होऊ देतो.’ यावर काका तिसऱ्याच शब्दाला मध्ये बोलले, तेव्हा काकूंनी टीव्हीकडे बोट दाखवलं आणि पुढं काही म्हटलं नाही. सुनेचा आक्षेप वयाला नव्हताच. मालक आणि त्याच्या ऑफिसातली मुलगी, हे तिच्या कंपनीत घडलं असतं तर एचआरनं चौकशी लावली असती, असं ती रोज पोळ्या करता करता ऐकवायची. माझ्या मते सगळ्यांत मुद्देसूद बोलणं तिचंच होतं, आणि त्याकडेच कुणी लक्ष दिलं नाही. आजी तेवढ्या शांत होत्या. ‘आमच्यात चौदा वर्षांचं अंतर होतं. त्यावर कुणी मालिका काढली नाही.’

जानेवारी २०१९ मध्ये विक्रांत-ईशाचं लग्न लागलं. लगेच १ फेब्रुवारीला ट्रायचे नवे नियम आले आणि कोणती वाहिनी घ्यायची, कोणती सोडायची हे घरोघर ठरवायची वेळ आली. काका चष्मा लावून यादी घेऊन बसले. क्रीडावाहिन्या काटल्या, इंग्रजी सिनेमे काटले, बातम्यांतलं एक चॅनल ‘सारखं ओरडतं’ म्हणून गेलं. झी मराठीचे महिना १९ रुपये. त्यावर त्यांनी काही न बोलता टिक केली. केबलवाला बघतोय असं दिसल्यावर म्हणाले, ‘घरातल्या बायकांसाठी.’

मग कथेनं पलटी खाल्ली. विक्रांत हा विक्रांत नव्हेच, तो गजा पाटील. पहिली बायको राजनंदिनी, म्हणजे शिल्पा तुळसकर, हिचा जीव त्यानंच घेतलेला. आणि ईशा हा राजनंदिनीचा पुनर्जन्म. काकू दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. सुनेनं ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं सासूला नव्हे, नवऱ्याला विचारलं. काकांनी पेपराच्या समासात पेन्सिलनं आकडेमोड केली. राजनंदिनी गेली वीसेक वर्षांपूर्वी, ईशा विशीतली. ‘बसतंय!’ दोन्ही जन्म धरले तर ती त्याच्या बरोबरीची ठरत होती. इतके महिने लढवलेला आक्षेप त्यांनी तिथल्या तिथं मागं घेतला. गुन्हेगार ठरलेल्या माणसाबद्दल त्यांना पहिल्यांदाच आपुलकी वाटली, कारण त्याचा हिशेब चोख होता.

खरं तर मालिकेनं इथं पळ काढला. वीस वर्षांच्या अंतरातलं प्रेम निभतं का, हा चांगला प्रश्न होता. नायकच खुनी निघाल्यावर तो विचारायचीच गरज उरली नाही, आणि ‘मला वाटलंच होतं’ म्हणणाऱ्या सगळ्यांची सोय झाली. ही सोय पुढं परप्रांतातही गेली. मालिकेचा कन्नड अवतार २०१९ मध्ये आला, तेलुगू २०२० मध्ये. बंगळुरू आणि हैदराबादेतही सोफ्याला टोक असतंच.

जुलै २०१९ मध्ये त्याच साडेआठच्या जागी ‘अग्गंबाई सासूबाई’ आली. निवेदिता सराफांची आसावरी, गिरीश ओकांचे शेफ अभिजित राजे आणि सुनेनं पुढाकार घेऊन लावून दिलेलं सासूचं लग्न. ‘हे मात्र अति झालं,’ असं काकांनी पहिल्या दिवशीच जाहीर केलं. आसावरीचा मुलगा बबड्या पडद्यावर आला की मात्र ते पेपर खाली ठेवून त्याला रागवायचे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, चित्रीकरण थांबलं आणि जुनेच भाग पुन्हा दाखवू लागले. काकू कंटाळून आत गेल्या. काका एकटेच बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून तक्रार केली, ‘अगं, यात कापाकापी केलीय. बबड्या दार आपटतो ना, त्यानंतर मूळ भागात आजोबा झालेले रवी पटवर्धन त्याला चांगलं झापतात.’