पॅकेजात बसेल तोच आजार

सरकारी आरोग्य विम्याच्या दाव्यांचा ढीग उपसून त्यातून वैद्यकशास्त्र काढायचं, या कल्पनेने विद्वान मंडळी भलतीच खूश आहेत. ढीग मोठा आहे, यात वाद नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली सुरू झाली तेव्हा राजीव गांधींच्या नावाची होती. २०१७ मध्ये नाव बदललं, आजार तेच राहिले. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं; तेव्हाच्या यादीत १३५६ उपचार होते. आमच्या नाशिकच्या म्हसरूळला तर आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे. आता संशोधकाला फक्त संगणक उघडायचा आहे.

उघडल्यावर पहिला शोध असा लागेल की जिल्ह्यातला सुरगाणा तालुका ठणठणीत आहे. जो रुग्ण योजनेतल्या दवाखान्यात दाखल झालाच नाही, त्याचा दावा नाही. दावा नाही म्हणजे आजार नाही. ज्याचा ताप आरोग्य केंद्राबाहेरच्या बाकावरच उतरला, तोही निरोगीच. उलट नाशिक शहरात, जिथे रुग्णालयांच्या पाट्याच पाट्या, तिथे प्रकृती फार नाजूक निघेल. दाव्यात दिसतं ते आधी मंजुरी घेतलेलं पॅकेज. गुडघा बदलला, पैसे चुकते झाले. सहा महिन्यांनी बाई जिना चढते की नाही, हे लेखापालाला विचारून काय उपयोग?

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेची वही ‘कॅग’ने २०२३ मध्ये तपासली. ७,४९,८२० लाभार्थ्यांचा मोबाइल क्रमांक एकच निघाला, ओळीने दहा नऊ. त्याच अहवालात, आधीच मृत नोंदवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी ६.९७ कोटी रुपये दिल्याचंही आहे. मंत्रालय म्हणालं, लाभार्थी ओळखायला मोबाइल लागतच नाही. असेल बुवा. पण आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी रामकुंडावर जायची पद्धत आहे. त्याला पुन्हा वॉर्डात भरती करून घेणारं शास्त्र आम्हाला नवीन होतं.

रामकुंडावरून आठवलं. पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांकडे नामावळीच्या वह्या आहेत. पणजोबा कोण, कुठल्या गावचे, कोणाबरोबर आले, सगळं पिढ्यान् पिढ्या सलग. आणि खाली यजमानाची स्वतःच्या हातची सही! संमती म्हणतात ती हीच. तिला ना सर्व्हर लागला, ना समिती.

संमतीचा हा प्रश्न तैवानातही निघाला. तिथे सरकारी विमा १९९५ पासून आहे, आणि त्याच्या दाव्यांवर ढिगाने संशोधन झालंय. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सरकारला सुनावलं की, माझी माहिती मूळ कामापलीकडे वापरू नका, असं म्हणायची सोय नागरिकाला हवी. तीन वर्षांत कायदा करा.

आता आपल्याकडे बघा. केशरी शिधापत्रिका हातात, बाप स्ट्रेचरवर, समोर योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल आणि अजून न आलेली मंजुरी. अशा वेळी पेठ तालुक्यातून आलेल्या पोराला विचारा की, बाबा, ही माहिती पुढे संशोधनाला दिली तर चालेल का? तो म्हणेल, ‘साहेब, किडनीही घ्या, पण आधी सही करा.’ मंडळी ती संमती धरतील. नकार नोंदवायचा म्हटला, तर योजनेच्या यादीत तसलं पॅकेज नाही.