दोन खुर्च्यांचं चिलट

गगनबावड्यात मृग लागला की ‘वाळणं’ हे क्रियापद व्याकरणातून हद्दपार होतं. कपडे वाळत नाहीत, छत्र्या वाळत नाहीत, न्हालेली बाई दोन दिवस केस मोकळे सोडून हिंडते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारं हे गाव. इथं भर आषाढात विमान रंगवायला काढणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर निवृत्त शिक्षक. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. आमच्या घरी या दोन प्रकारांत फरक करत नाहीत.

विमान प्लास्टिकचं, सुटे भाग चिकटवून जोडायचं, मूळच्या बहात्तराव्या हिश्शाचं. म्हणजे सहाफुटी वैमानिक त्यात एक इंचाचा होतो. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या काकांनी १९७२ साली तो खोका आणला, “मॅट्रिक हो, मग देतो,” म्हणाले आणि माळ्यावर टाकला. मी मॅट्रिक झालो, डी.एड. झालो, आजोबा झालो. खोका गेल्या उन्हाळ्यात कौलं चाळताना सापडला. एक कोपरा उंदरांनी वाचून काढला होता, बाकी शाबूत.

खोक्यावर नाव होतं नॅट. नॅट म्हणजे चिलट. आणि आमच्या पिढीला हे चिलट कुठल्याही गरुडापेक्षा मोठं. ३ सप्टेंबर १९६५ ला छांबच्या आघाडीवर ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून सेबर विमान पाडल्याची बातमी आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यानंतर महिनाभर शाळेच्या मैदानावर सगळी पोरं नॅट होती. सेबर व्हायला कुणी तयार होईना, म्हणून शेवटी शाळेच्या घंटेलाच सेबर ठरवून आम्ही दगड मारले. १९७१ च्या डिसेंबरात श्रीनगरवर एकट्यानं झुंजलेले निर्मलजितसिंग सेखों, हवाई दलाचे एकमेव परमवीरचक्र विजेते, तेही नॅटमध्येच बसलेले होते. काकांनी पुढच्याच वर्षी खोका आणला तो काही उगाच नव्हे.

एवढं सगळं आठवून, डोळे पुसून मी खोका उघडला आणि आत दोन खुर्च्या निघाल्या.

लढाऊ नॅटमध्ये एकच माणूस बसतो. दोन बसतात ते ब्रिटिशांचं प्रशिक्षणाचं नॅट. त्यांच्या रेड अॅरोज या कसरतपथकानं १९६५ पासून तेच उडवलं. पुढं विद्यार्थी, मागं मास्तर. काकांनी दुकानात ‘नॅट’ एवढंच वाचलं आणि पैसे मोजले. गोदीतल्या माणसानं विमानाच्या खुर्च्या मोजाव्यात अशी अपेक्षा मीही करत नाही.

शहाण्या माणसानं इथं विमानाला लाल रंग दिला असता आणि विषय मिटवला असता. पण मी छत्तीस वर्षं वह्या तपासलेल्या आहेत. चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडं जातो. लग्नपत्रिका आली तरी मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो, मुहूर्त नंतर. मी पट्टी घेतली. खरं प्रशिक्षण-नॅट ९.६८ मीटर लांब, लढाऊ नॅट ८.७४ मीटर. फरक ९४ सेंटिमीटर, भागिले ७२, म्हणजे १३ मिलिमीटर. पंख दोन्हीकडून चार-चार मिलिमीटर जास्त. १३ मिलिमीटर कापायचे तर कुठून कापायचे? मागच्या खुर्चीतून, दुसरं कुठून! आयुष्यभर वर्गात उभा राहिलेल्या माणसानं एक्सा ब्लेड घेऊन मास्तरांचीच जागा उडवायची, यातला विनोद सौभाग्यवतींनी माझ्याआधी ओळखला आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

कापणं सोपं असतं. सांधा बुजवण्यासाठी रंगाऱ्याकडं लांबी मागायला गेलो. त्यानं विचारलं, “कशाला?” म्हटलं, “लांबी कमी केलीय, म्हणून लांबी पाहिजे.” त्यानं डबा दिला, पण पैसे घेतले नाहीत. आमच्याकडं आजारी माणसाकडून पैसे घेत नाहीत. ती लांबीही वाळेना. मग पुतण्यानं फोनवरून सांगितल्याप्रमाणं फेविक्विकवर अंगाला लावायची पावडर टाकली. ही युक्ती मात्र नामी, दोन मिनिटांत दगड होतो. दगड जरा जास्तच झाला म्हणून तो काढायला सुनेचं नेलपॉलिश काढायचं औषध लावलं. ते फेविक्विक विरघळवतं, हे खरं आहे. ते प्लास्टिकही विरघळवतं, हेही तितकंच खरं आहे, फक्त मला उलट्या क्रमानं कळलं. शेपटी चघळून टाकलेल्या सुपारीसारखी झाली. तिच्या दुरुस्तीला पुन्हा फेविक्विक, पुन्हा पावडर, पुन्हा पॉलिश पेपर. घरभर असा सुवास दरवळला की शेजारीण बारशाचे पेढे मागायला आली.

स्टँडवरचा चहावाला रोज चौकशी करी. “मास्तर, झालं का इमान? उडतंय का न्हाई?”

“उडणारं नाही ते. नुसतं ठेवायचं.”

“बरं हाय. हितं धुक्यात येष्टी दिसंना, इमान कुनाला दिसनार!”

बावडा म्हणजे एकेकाळची रामचंद्रपंत अमात्यांच्या वंशजांची जहागीर. अमात्यांनी आज्ञापत्रात गडकोटांचा बंदोबस्त सांगितला, आरमाराचा सांगितला. एखादं प्रकरण विमानांवर लिहिलं असतं तर ‘पर्जन्यकाळी रंगकाम सर्वथा करू नये’ एवढं एक वाक्य त्यात नक्की आलं असतं आणि माझे दोन महिने वाचले असते.

कारण रंग. १९६५ ची नॅट चंदेरी होती. जाळीच्या दारांना देतात तो अॅल्युमिनियम पेंट मी दिला. आठ दिवसांनी बोट लावलं तर बोट चंदेरी. पंधरा दिवसांनी नातवाचं नाक चंदेरी. शेवटी आमच्याकडं पावसाळ्यात बाळाचे कपडे वाळवतात तसं केलं. शेगडीत चार निखारे, त्यावर डालगं पालथं, डालग्यावर लंगोटांच्या जागी विमान. दोन मिनिटं म्हणून ठेवलं आणि दारात आलेल्या माणसाशी घाटातल्या दरडीवर बोलत बसलो. दरडीवर दोन मिनिटांत कुणी बोलत नाही.

परत आलो तर दोन्ही पंख खाली झुकलेले. डोक्याला हात लावून बसलो. मग पुस्तकातला फोटो काढला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. नॅटचे पंख मुळातच थोडे खाली झुकलेले असतात! मी जोडताना ते सरळ बसवले होते. दोन महिन्यांच्या सगळ्या दुरुस्त्यांत एवढी एकच बरोबर निघाली आणि ती शेगडीनं केली. डावा पंख तर तंतोतंत. उजवा मात्र जरा जास्तच नम्र झालाय. तो मी भिंतीकडं करून ठेवतो.

राहिली चिन्हं. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत बसवायची, भगव्या, पांढऱ्या, हिरव्या वर्तुळांची. पुतण्यानं कुठून तरी जुना ताव मिळवून दिला, पण वयानं त्यातला पांढरा हळदीसारखा झालेला. भगवा कुठं संपतो ते कळेना. यावर उपाय असा की ताव खिडकीच्या काचेला चिकटवून पंधरा दिवस कडक ऊन द्यायचं, पिवळेपणा उडतो. गगनबावड्यात ऑगस्टमध्ये पंधरा दिवस ऊन! मी ताव प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि एसटीनं पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूरला आक्काकडं पाठवला. तिथं आमच्या मानानं वाळवंटच.

पंधराव्या दिवशी आक्काचा फोन आला.

“तुझ्या त्या टिकल्या लावल्या होत्या बघ खिडकीला. पिशवीतून ऊन लागंना म्हणून काढूनच लावल्या.”

“बरं. मग?”

“काल इथं पण आला की रे पाऊस. खिडकी उघडीच राहिली. कागुद गळून पडला खाली.”

“आणि टिकल्या?”

“त्या बसल्यात काचेवर. चार. नखानं निघंनात. पन पांढरा म्हणशील तर काय पांढरा झालाय रे! दुधागत.”