डेकचिंतक

उत्तर अमेरिकेच्या उपनगरांत, आणि त्यातही न्यू जर्सीतील एडिसनच्या आसपास, स्थिरावलेल्या मराठी गृहस्थांमध्ये ‘डेकचिंतक’ म्हणून ओळखावा असा एक वर्ग आढळतो. गणेशोत्सवातील जेवणाच्या रांगेत ज्याने ‘यंदा डेकला काय लावताय?’ एवढेच चुकून विचारले असेल, त्याला या वर्गाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. डेक म्हणजे घराच्या मागील दाराला जोडलेला, लाकडी फळ्यांचा, बिनछपराचा ओटा. ऊन, पाऊस आणि बर्फ तो थेट अंगावर घेत असल्याने त्याला दर काही वर्षांनी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारे किंवा त्यावर पातळ थर धरणारे रंगीत संरक्षक द्रव्य, लावावे लागते. सामान्य घरमालक त्यासाठी दुकानात जाऊन डबा आणतो आणि शनिवार-रविवारी काम उरकून टाकतो. डेकचिंतक डबा आणत नाही. तो आधी विषय समजून घेतो.

त्याचे ज्ञान खोटे नसते, ही या प्रकारातील खरी अडचण होय. उन्हातील अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या लिग्निन या द्रव्याचे विघटन करतात आणि त्यामुळे उघडी फळी करडी पडते, हे तो अचूक सांगतो. स्टेनमध्ये रंगकण जितके अधिक तितके उन्हापासून संरक्षण अधिक, परंतु लाकडाच्या रेषा तितक्याच झाकल्या जातात, हेही खरे. म्हणजे पारदर्शक स्टेन लाकूड दाखवतो पण लवकर उडतो, अपारदर्शक स्टेन टिकतो पण रंगासारखा थर धरून पुढे पोपडे सोडतो, आणि अर्धपारदर्शक स्टेन या दोहोंच्या मध्ये असल्यामुळे त्याच्यावर दोन्ही बाजूंनी शंका घेता येते. डेकचिंतकाला तो म्हणूनच सर्वाधिक प्रिय असतो. त्याच्या वडिलांनी सागवानी कपाटासाठी पॉलिशवाल्याला ‘जरा डार्क ठेवा’ एवढे सांगून प्रकरण मिटवले होते, याची आठवण कोणी करून दिलीच, तर ते कपाट घरात होते, ही फळी दक्षिणेकडील पाइनची असून कुजू नये म्हणून तिच्यात ताम्रयुक्त रसायन दाबाखाली भरलेले आहे, आणि २००३च्या अखेरपर्यंत घरगुती लाकडात याच कामी आर्सेनिकही असे, असे तो ऐकवतो. श्रोत्याचे ताट तोवर निवलेले असते.

प्रत्यक्ष कामाच्या आड मात्र ऋतू येतात, आणि ते त्याच्याच बाजूचे असतात. स्टेन लावताना लाकूड कोरडे आणि हवामान साधारण १० ते ३२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, फळीवर कडक ऊन नसावे आणि पुढील दिवसभरात पाऊस नसावा, हे डब्यावर छापलेले नियम इतरांना सूचना वाटतात, तर त्याला ते धर्मशास्त्र वाटते. एप्रिलमध्ये रात्री गार असतात. मे महिन्यात ओक वृक्षांचे पिवळे परागकण सर्वत्र बसतात. जूनमध्ये पावसाचा भरवसा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये फळ्या तापतात. सप्टेंबरात गणपती असतात आणि ऑक्टोबरमध्ये पाने गळतात. उरलेल्या दिवसांत तो जलबिंदू-परीक्षा घेतो, म्हणजे फळीवर पाणी शिंपडून ते मुरते की थेंब होऊन वर राहते ते पाहतो. थेंब राहिले तर लाकूड अजून स्टेन पिण्यास तयार नाही, आणि पाणी मुरले तर लाकूड आता ओले झाले आहे; दोन्ही निष्कर्षांती डबा उघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

त्याच्या डेकच्या एका कोपऱ्यात, कुंडीमागे, नमुन्याचे चौकोन रंगवलेले असतात. दुकानातील कार्डावरचा रंग हिरवट झाक असलेल्या फळीवर निराळा दिसतो, म्हणून असे चौकोन करून पाहावेत हा सल्ला योग्यच आहे; मात्र ते इतके साचतात की एखाद्या पाहुण्याला तेथे रांगोळीचा वर्ग भरतो की काय असे वाटावे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात, हा इशारा तो शेजाऱ्यांना तळमळीने देतो, आणि तो खराही आहे. त्याच्या स्वतःच्या चिंध्या मात्र घडी केलेल्या व कोऱ्या असतात. त्याच्या सल्ल्याने आळीतील बहुतेक डेक व्यवस्थित रंगून निघालेले असतात, हे न्यायासाठी नोंदवले पाहिजे.

या चिंतनाचा शेवट बहुधा पत्नीच्या हातून होतो. ग्राहकाने परत केलेला, चुकीच्या छटेत मिसळला गेलेला अपारदर्शक स्टेनचा डबा दुकानात अत्यल्प किमतीत मिळतो. तो आणून ती एका शनिवारी, मुलांना हाताशी धरून, दुपारच्या आत सगळा डेक विटकरी करून टाकते, नमुन्यांच्या चौकोनांसकट. डेकचिंतक अशा वेळी संतापत नाही. आडव्या फळ्यांवरचा हा थर काही हिवाळ्यांत सुटणारच आणि तो खरवडून काढल्याशिवाय पुन्हा अर्धपारदर्शक स्टेन लावता येणार नाही, हे त्याला तत्क्षणी दिसते, आणि जुना थर काढणाऱ्या रसायनांचा तौलनिक अभ्यास त्याने फळ्या वाळण्यापूर्वीच हाती घेतलेला असतो.