लग्नघरच्या पाहुण्यांसाठी प्राथमिक धडे

पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा असेल तर तुम्ही सव्वाला पोचा. चुकून लवकर पोचलातच, तर स्वरचित मंगलाष्टक खिशात असू द्या. वृत्त शार्दूलविक्रीडितच हवं. ओळीत १९ अक्षरं भरली नाहीत तर नवरदेवाच्या काकांचं नाव ताणा. हार धरून नवरा-नवरीचे हात दुखतील, ते त्यांचं ते बघतील.

रुखवताजवळ थांबून 'हे विकतचं दिसतंय' एवढंच म्हणा. आवाज विहीणबाईंपर्यंत पोचला की पुढे सरका.

जेवणाचा धडा मात्र नीट गिरवायला हवा. पंगतीत जागा नसेल तर जेवणाऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं आणि त्याच्या मठ्ठ्याकडे बघत राहायचं. तो जिलेबी नको म्हणतो की नाही ते बघा. बुफे असेल तर ताट एकदाच घ्या आणि त्यातच अख्ख्या कुटुंबाचं वाढून घ्या; केटरर ताटं मोजतो, पुऱ्या मोजत नाही. 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं, तेवढी एक सूचना अक्षरशः पाळा.

एवढं जमलं की वरचा वर्ग: दुसऱ्यांच्या लग्नातल्या गोष्टी ऐकणं. मोबाइलवर कुणी अनोळखी सांगतो, की नवरदेवाने भर हॉलमध्ये सगळ्यांना खुर्चीखालचं पाकीट काढायला लावलं आणि आत निघाले नवरीचे भलत्याबरोबरचे फोटो. हळहळण्याआधी हॉल डोळ्यांपुढे आणा. सकाळच्या लग्नाची मंडळी निघेपर्यंत संध्याकाळची दारात उभी असतात. चारशे खुर्च्यांना पाकिटं चिकटवली कधी? आणि खुर्च्यांखालून रांगणाऱ्या पोरांनी ती ठेवली कशी? ही कथा अमेरिकेत फार पूर्वीच फिरून झाली आहे. यूटा विद्यापीठातले लोककथांचे अभ्यासक यान हॅरल्ड ब्रुनवांड असल्याच गोष्टी गोळा करत. १९८१ च्या 'द व्हॅनिशिंग हिचहायकर'मध्ये त्यांनी दाखवलं, की या गोष्टी नेहमी मित्राच्या मित्राला घडतात. आपल्याकडे त्या मावशीच्या नणंदेच्या गावात घडतात.

व्हॉट्सॲपवर मजकुराच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो निदान पाच चॅटमधून फिरून आलाय. एवढ्या प्रवासात नवरीचं गाव बदलतं, कधी नवराही बदलतो. खऱ्या गोष्टीत गाजावाजा कमी असतो: अळूची भाजी संपली, कानपिळीचे पैसे कमी पडले म्हणून मेव्हणा रुसला, फोटोत आत्या राहिल्या. आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा थोडा तरी अपमान झालेला असतो. ज्या गोष्टीत सांगणाऱ्याने सगळ्यांना गप्प केलं आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या, तिथे थांबा. आपल्या लग्नांत टाळ्या अंतरपाट बाजूला झाल्यावर वाजतात. त्यानंतर लोक ताटाच्या रांगेकडे धावतात.

हीच गोष्ट थोरल्या मामांनी सांगितली तर मात्र शंका काढू नका. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे मुंज आहे.