वाढत्या अंगाचं धनुष्य

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची तर ती वाढत्या अंगाची. गणवेश वाढत्या अंगाचा, रेनकोट वाढत्या अंगाचा. माझी पहिली सायकलसुद्धा तशीच. नववीत जाईपर्यंत मी ती मधल्या दांड्याखालून पाय घालूनच चालवली. त्यामुळे पुतणीनं "काका, मला कंपाउंड धनुष्य पाहिजे" म्हटल्यावर मी बेफिकीर होतो. मोठ्यातलं मोठं घ्यायचं, पाच वर्षांची काळजी मिटली.

खरं तर आमचा मुळशी तालुका कुस्तीचा. जत्रेत पोरगं आखाड्यात उतरलं की अख्ख्या गावाला डाव कळतात. धनुष्याचं मात्र कुणाला विचारणार? गावात या विषयातली एकमेव जाणकार माझी आई, आणि तिचं ज्ञान सीतास्वयंवरापाशी थांबतं.

पोरीच्या डोक्यात हे शिरलं २०२३ च्या ऑगस्टमध्ये. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी कंपाउंडची विश्वविजेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम लढतीत १५ च्या १५ बाण दहाच्या वर्तुळात घालून १५० गुण केले. दोघंही तयार झाली साताऱ्याला, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. कंपाउंडमध्ये लक्ष्य ५० मीटरवर असतं आणि दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, म्हणजे आमटीच्या वाटीएवढं. अदितीचे वडील गणिताचे शिक्षक, त्यांनी लेकीच्या खेळासाठी कर्ज काढलं, हे वाचून माझ्या भावानं पेपरची घडी घातली आणि म्हणाला, "आपलं बजेट पस्तीस हजार. एक रुपया वर नाही."

पस्तीस हजारांत शिवधनुष्य पेलायला मी निघालो.

पहिल्या दुकानातल्या माणसानं माझ्या मनातलंच बोलून दाखवलं: "थोडं मोठंच घ्या, मुलगी वाढेल की." आपल्या विचारांचा माणूस भेटला म्हणून मी पाकिटात हात घालणार, तोच पोरीनं कोपराला चिमटा काढला. बाहेर आल्यावर तिनं मला जे समजावलं, ते काहीसं असं. साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना मात्र वेडीवाकडी चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. अमेरिकेतल्या मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलननं ही युक्ती काढली; १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. दोरी ओढताना मध्यावर जीव निघतो, मग चाक फिरतं आणि वजन एकदम उतरतं. भरला पोहरा ओढताना मागून कुणीतरी दोराला हात लावावा, तसं. ही उतरण, म्हणजे लेट-ऑफ, ७५ टक्के असेल तर ४० पाउंडाचं, म्हणजे १८ किलोचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात १० च पाउंड उरतात. नेम धरून निवांत उभं राहता येतं.

पण हे वजन उतरतं ठरलेल्या एकाच जागी. ती जागा तुमच्या हाताच्या मापाची नसेल तर एकतर तुम्ही तिथवर पोचत नाही, नाहीतर मान वाकडी करून पोचता. म्हणजे सायकलीसारखं दांड्याखालून पाय घालून चालणार नाही.

मग हिच्या शिवणाच्या मशीनच्या खणातून टेप काढली. पोरीला भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभं केलं आणि वाव मोजली. ६२ इंच. भागिले अडीच, साधारण २५ इंच: हे तिचं दोरी ओढायचं माप. वावेचा असा उपयोग होतो हे आमच्या विहीर खणणाऱ्या आजोबांना कळलं असतं तर! पुढची परीक्षा डोळ्याची. दोन्ही तळव्यांची खिडकी करून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं, तो नेमाचा. पोरीचा उजवा निघाला. माझा डावा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी हे मला माहीत नव्हतं. हिचं म्हणणं, तिला माहीत होतं.

शेवटी जिंकली आमच्या घरची वाढत्या अंगाचीच परंपरा, फक्त जरा वेगळ्या वाटेनं. काही धनुष्यांत कॅमवरचा तुकडा सरकवून माप वाढवता येतं आणि बोल्ट पिळून पाउंड चढवता येतात. आजच्या अंगाला बसणारं, आणि अंगाबरोबर वाढणारं! शिंप्यानं शिलाई आत दुमडून ठेवावी तसं. ते घेतलं. बाण, दोरी सोडायचा रिलीज, नेम धरायची साईट आणि हाताचा पट्टा यांनी उरलेलं बजेट खाल्लं. साडीपेक्षा फॉल-पिको महाग, हा आमचा जुना अनुभव.

घरी आल्यावर पोरीनं पहिला नियम सांगितला: बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. सगळा जोर धनुष्यातच जिरतो आणि ते मोडू शकतं. आई लगेच म्हणाली, "मग जनकाकडे तेच झालं. बाण कुठं होता रामाकडे?"

आता अडचण जागेची. मुळशीत सपाट, सरळ ५० मीटर शोधून दाखवा. खाचरं सगळी पायऱ्यांची, आणि पाऊस लागला की चार महिने जमीन दिसत नाही. सध्या गोठ्यामागे, दरडीला पाठ देऊन, १० मीटरवर सराव चालू आहे. २४ पाउंड, २५ इंच. सहा बाण घेतले होते, पाच उरलेत. सहावा खालच्या खाचरात गेला तो गेलाच. लावणीच्या वेळी कुणाच्या हाताला लागला तर कळवा. काळी दांडी, पिवळी पिसं. आणताना टोक तेवढं खाली धरा.