बोगस विद्यार्थी पाहिजेत

ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने सलग तीन दिवस राज्यभर पटपडताळणी केली. मतदाराच्या बोटाला लावतात तशी शाई पोरांच्या बोटाला लावली आणि डोकी मोजली. पटावर असलेली, पण पृथ्वीवर नसलेली लाखो मुलं तेव्हा सापडली. एवढं भरघोस पीक काढणाऱ्या राज्यात आज बोगस विद्यार्थ्यांची खरोखर निकड आहे, आणि नेमका आताच एक मिळेना! ते हवे आहेत शाळेच्या कार्यालयातल्या लिपिकाच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी.

सध्याचं प्रशिक्षण असं. सकाळी ग्रुपवर 'अतितातडीचे' असा मेसेज पडतो आणि दुपारी तीनला लिंक उघडते. पहिला अर्धा तास 'आवाज येतोय का?' यात जातो. मग साहेब पीपीटी वाचून दाखवतात, म्हणजे लिपिकाला वाचता येत नाही अशी खात्याची खात्री असावी. चॅटमध्ये 'नमस्कार सर, उपस्थित' यांची रांग लागते. शंका शेवटी विचारायच्या असतात आणि शेवटी वेळ संपलेली असते. फीडबॅक फॉर्म भरला की प्रमाणपत्र. विषय 'विद्यार्थ्याचे नाव अचूक कसे नोंदवावे' आणि प्रमाणपत्रावर लिपिकाचंच नाव चुकलेलं.

आता शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीवर या. दिवाळी झाली आहे, कारखान्याचा बॉयलर पेटला आहे. ऊसतोडीला आलेली बाई पोरीला घेऊन उभी आहे. शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा दाखला गावाकडच्या पेटीत. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, दाखल्यासाठी किंवा वयाच्या पुराव्यासाठी प्रवेश अडवायचा नाही. लिपिक पोरीला वर्गात बसवतो. पण खात्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर पोरगी अजून जुन्याच शाळेत! तिकडे ऑनलाइन विनंती पाठवायची, तिथल्या मुख्याध्यापकांनी ती मान्य करायची. ते करत नाहीत. का करतील? पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या हिशेबात, शिक्षकाचं पद उडतं. फोन लावावा तर 'मी मीटिंगमध्ये आहे.' आणि प्रशिक्षणाचा व्हिडिओ सांगतो : विनंती पाठवण्यासाठी उजवीकडचं निळं बटण दाबा. फोन न उचलणाऱ्या हेडमास्तरांसाठी कुठलं बटण, ते पुढच्या व्हिडिओत असेल.

दुसरा छळ आधारचा. जनरल रजिस्टरात नाव जन्मदाखल्यावरून घातलेलं, आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. झालं मिसमॅच! आधार जुळलं नाही की मूल संचमान्यतेच्या हिशेबाबाहेर. वर्गात ते समोर बसून डबा खातंय, हा पुरावा धरत नाहीत. वरून रोज टक्केवारीची यादी येते, खाली लाल रंगात शाळेचं नाव. अशा वेळी लिपिकाला सोपा उपाय सुचतो : रजिस्टरच आधारप्रमाणे 'दुरुस्त' करायचं. हेच मूल उद्या जात पडताळणी समितीपुढे जाईल तेव्हा जनरल रजिस्टरातली ती खाडाखोड भिंगाखाली येईल. तोवर लिपिक निवृत्त, साहेबांची बदली, आणि खेटे घालणार त्याचा बाप.

म्हणून बोगस विद्यार्थी हवेत. खऱ्या पोर्टलची हुबेहूब नक्कल करा, त्यात खोटी मुलं भरा आणि लिपिकाला बिनधास्त चुकू द्या. समोर खोटी आई उभी करा, तिला चिडूही द्या. 'दाखला आणा, मग बघू' हा पर्याय निवडला की पुढच्या पडद्यावर त्या मायलेकी फडावर परत गेलेल्या दिसू देत. रजिस्टरात पांढरी शाई फिरवली की गोष्ट पंधरा वर्षं पुढे उडी मारून थेट समितीच्या दारात जाऊ दे. दर तीन मिनिटांनी 'पुढे' दाबायला लावणं म्हणजे शिकणाऱ्याला सहभागी करून घेणं नव्हे. तो जागा आहे एवढंच त्यातून कळतं. एकेक धडा सात-आठ मिनिटांचा असावा, मोबाइलवर चालावा आणि लाइट गेली तर जिथे थांबला तिथून सुरू व्हावा. आणि खोट्या हेडमास्तरांचा फोन 'व्यस्त' लागलाच पाहिजे, त्याशिवाय सराव कसला!

आज सराव होतो तो खऱ्या पोरांवर. १२ आकडी आधार, १२ आकडी 'अपार' हा विद्यार्थी-क्रमांक, ११ आकडी 'पेन' हा शिक्षण-क्रमांक. ज्याला अजून बे एके बे येत नाही त्याच्या नावावर ३५ आकडे. त्यातला एक चुकला तर दुरुस्तीचा प्रस्ताव वर जातो आणि वरच राहतो. पूर्वी गुरुजी जन्मतारीख माहीत नसली की बिनदिक्कत १ जून लावायचे. गावोगावचे आजोबा एकाच दिवशी जन्मले, पण तेव्हा निदान कुठलं पोर्टल लाल होत नव्हतं.

राहता राहिला एक किरकोळ मुद्दा. जिल्हा परिषदेच्या लहान प्राथमिक शाळेत लिपिक नावाचा प्राणीच नसतो. दोनशिक्षकी शाळेत नोंदी भरणारे, ओटीपी मागणारे, पोषण आहाराचा तांदूळ मोजणारे आणि चुकून शिकवणारेही गुरुजीच. तेव्हा या कोर्सच्या पहिल्याच पडद्यावर सूचना टाकावी : 'तिसरी-चौथीला गणितं घालून द्या, पहिली-दुसरीला चित्रं काढायला सांगा, आणि मगच लॉगिन करा.'